तात्यांची गॅसपेटी

मंजूच्या डोक्यावर दुसरा तांब्या ओतला आणि गॅस गेला.

जाताना तो आवाज करून जायचा. शेगडीच्या जाळीतल्या लालभडक झालेल्या विटा आधी नारिंगी व्हायच्या, मग राखाडी, खालची निळी ज्योत बुटकी होत जायची आणि शेवटी कुणी फुंकर मारावी तसा ‘फप्’ आवाज. मग खोली गार व्हायला वेळ लागत नसे. बाहेर बर्फ पडून चिखल झालेला, खिडकीच्या फटीत वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले, आणि टबात माझी चार महिन्यांची पोर, अंगाला साबण लागलेली.

तिला तशीच टॉवेलात गुंडाळून मी पर्स उलटी केली. यांच्या कोटाचे खिसे चाचपले. चहाच्या डब्यात पाहिलं. एक पौंडाची नोट होती, पण भिंतीवरच्या त्या करड्या पेटीला नोटा कळत नव्हत्या. तिला दहा पेनीचं नाणं लागायचं. ते फटीत सारायचं, दांडी फिरवायची, नाणं खळ्ळकन खाली पडायचं आणि त्या नाण्यापुरता गॅस यायचा. दिव्याला एक पेटी, गॅसला एक. हे कारखान्यात पाळीवर गेलेले. गुरुवारी दुपारनंतर कोपऱ्यावरचं दुकान बंद. मंजू ओठ निळे करून रडत होती.

मी समोरचं दार ठोठावलं.

त्या खोलीत थोड्या दिवसांपूर्वी तात्या कुलथे राहायला आले होते. आमच्या घरमालकांचे वडील. जिन्यात दिसले तर नमस्कार करायचा, एवढीच ओळख. दार उघडलं तेव्हा आधी मला कानटोपी दिसली, मग मफलर, मग एकावर एक दोन स्वेटर, त्यावर कोट, आणि खाली धोतराच्या आतून डोकावणारी लोकरी विजार. त्यांच्या तोंडातून वाफ येत होती. माझ्या खोलीत गॅस जाऊन पाच मिनिटं झाली होती. त्यांच्या खोलीत तो कधी पेटलाच नव्हता, हे उंबऱ्यावरच कळत होतं. आणि शेगडीच्या वरच्या फळीवर पितळेच्या ताटलीत नाण्यांचा ढीग.

मी नाणं मागितलं. त्यांनी मंजूकडे पाहिलं, काही न विचारता मूठभर नाणी उचलून माझ्या ओच्यात घातली. माझ्या हातात पोर म्हणून मी म्हटलं, तुम्हीच जरा येऊन पेटीत टाकता का.

“तूच टाक, पोरी,” ते म्हणाले. “मी टाकत नाही.”

मला वाटलं, म्हाताऱ्याला पेटी वापरता येत नसेल.

ते कॉव्हेंट्रीतलं लाल विटांचं तीनमजली घर रमाकांत कुलथे यांचं होतं. अशी आणखी दोन होती. त्यांना कुणी रमाकांत म्हणत नसे, ते भाऊसाहेब. इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. बारामतीच्या सोनाराचा मुलगा, इंजिनियर होऊन आमच्या दहा-बारा वर्षं आधी इंग्लंडात आला आणि इंजिनियरिंगपेक्षा खोल्या भाड्यानं देण्यात जास्त पैसा आहे हे त्यानं लवकर ओळखलं. कुणी मराठी माणूस नव्यानं आला की भाऊसाहेब स्वतः गाडी घेऊन स्टेशनवर हजर. पहिल्या संध्याकाळी त्यांच्या घरी पिठलं-भात, तूप, लोणचं. माणूस गहिवरून जायचा. दुसऱ्या दिवशी त्याला खोली दाखवायचे आणि तिसऱ्या दिवशी पेटी. आम्ही दोघं कऱ्हाडहून आलो तेव्हा आमचंही असंच झालं. हे तर त्या पिठलं-भाताचं नाव पुढं वर्षभर घेत होते. मी मिरजेला नर्सिंग शिकलेली, जगात फुकट वाढलेलं ताट पाहिलं की मला आधी वाढणाऱ्याचा हात बघायची सवय.

दर शनिवारी सकाळी भाऊसाहेब यायचे. किल्ल्यांचा जुडगा, खाकी कापडाची पिशवी. खोलीत येऊन आमच्या पलंगावर बसायचे, पेटीचं कुलूप काढायचे, नाणी पिशवीत ओतायचे आणि ओतता ओतता उपदेश करायचे. मराठी माणसानं काटकसर शिकावी. इंग्रज उधळा आहे म्हणून बुडाला. थंडी ही मानण्यावर आहे. एकदा मी म्हटलं, भाऊसाहेब, ही पेटी नाणं फार लवकर खाते, मुलीची आंघोळसुद्धा होत नाही एका नाण्यात. त्यावर त्यांनी माझ्याकडे मायेनं पाहिलं.

“वहिनी, बारा सूर्यनमस्कार घालत जा. अंग कसं तापतं बघा.”

बाळंतपणाला चार महिने झालेल्या बाईला. मी हसले नाही. हे मात्र हसले, मालकाच्या विनोदाला भाडेकरू हसतो तसे.

तात्यांना त्यांनी त्याच पावसाळ्यात भारतातून आणलं होतं. आई गेली, दुकान विकलं, म्हातारा एकटा, म्हणून. मंडळात केवढं कौतुक झालं. श्रावणबाळाची गोष्ट दोघातिघांनी सांगितली. तात्या आधी गावाबाहेरच्या नव्या घरात राहिले, जिथं भाऊसाहेब आणि कुंदावहिनी राहायचे. पण मग त्यांनी तिथं पुढच्या बागेतल्या गुलाबांवर धोतर वाळत घातलं. शेजारच्या इंग्रज बाईंनी ते पाहिलं. पहाटे उठून ते घसा खाकरायचे, तेही भिंतीपलीकडे ऐकू जायचं म्हणे. कुंदावहिनींना मान वर करायला जागा उरली नाही. शेवटी भाऊसाहेबांनी आम्हाला येऊन सांगितलं की तात्यांना जरा मोकळेपणा हवा आहे, आपली माणसं शेजारी असली की त्यांचाही वेळ जाईल, आणि तुम्ही घरी असताच. म्हणजे पोराच्या दारातून उचलून म्हातारा आमच्या दारात ठेवला आणि वर आमच्यावर उपकार केल्याचा चेहरा.

सगळ्या खोल्यांसारखी त्या खोलीतही पेटी होती. ती काढायची, किंवा निदान उघडी ठेवायची, असं त्यांच्या मनात आलं नाही असं नाही. मीच विचारलं होतं. ते म्हणाले, एकाची काढली की सगळे मागतात. त्याऐवजी त्यांनी वेगळी सोय केली. शनिवारी आमच्या पेट्या रिकाम्या करून झाल्या की त्याच पिशवीतली मूठभर नाणी ते तात्यांच्या ताटलीत घालायचे. तात्यांनी ती आठवडाभर पेटीत टाकायची. पुढच्या शनिवारी भाऊसाहेबांनी पेटी उघडून ती परत घ्यायची. खर्च शून्य आणि नियम अभंग.

फक्त तात्या टाकत नव्हते.

पहिले दोन शनिवार भाऊसाहेबांना वाटलं, विसरले असतील. तिसऱ्या शनिवारी दोन्ही दारं उघडी होती आणि मी मंजूला मांडीवर घेऊन बसले होते, त्यामुळं मला सगळं ऐकू आलं. पेटी उघडल्याचा आवाज. नाणी ओतल्याचा आवाज नाही. मग भाऊसाहेबांचा तो समजुतीचा सूर.

“तात्या, एवढं काय त्यात? माझेच पैसे आहेत, माझ्याच पेटीत पडणार.”

“तुझेच पैसे, तुझीच पेटी,” तात्या म्हणाले. “मग मधे माझा हात कशाला?”

भाऊसाहेबांनी बराच वेळ काहीतरी समजावलं. शिस्त, इतर भाडेकरू, व्यवहार. भाऊसाहेब जाताना जिन्यात माझ्याकडे बघून म्हणाले की म्हातारपणी माणूस मुलासारखा हट्टी होतो, आपणच सांभाळून घ्यायचं. आणि किल्ल्या वाजवत उतरून गेले.

त्या गुरुवारनंतर तात्या रोज आमच्याकडे येऊ लागले. शेगडीजवळ कधी बसायचे नाहीत. दाराशी खुर्ची ओढून बसत आणि मंजूला मांडीवर घेत. दिवसभर बडबड करणारा माणूस नव्हता तो. आणि गोड म्हातारा तर अजिबातच नव्हता. माझ्या चहाला नावं ठेवायचा, यांच्या इंग्रजीला नाक मुरडायचा, मंजूला तीट नीट लागली नाही म्हणून मला पुन्हा लावायला लावायचा. पण गॅसची ज्योत बुटकी व्हायला लागली की खिशातून नाणं काढून माझ्यापुढं धरायचे. स्वतः टाकायचे नाहीत, माझ्या हातात द्यायचे. हे पोरीसाठी, म्हणायचे.

यात भाऊसाहेबांचं काही नुकसान नव्हतं. ताटलीतलं नाणं तात्यांच्या पेटीऐवजी आमच्या पेटीत पडायचं आणि शनिवारी त्याच खाकी पिशवीत जायचं. तरी त्यांना ते खुपलं. एका शनिवारी त्यांनी आमच्या पेटीतली नाणी हातात तोलली, समोरच्या खोलीत जाऊन ताटली पाहिली आणि परत आले.

“शेवाळेवहिनी, म्हाताऱ्या माणसाचे पैसे घेणं बरं दिसत नाही.”

हे तिथंच होते. त्यांचा चेहरा उतरला. मी म्हटलं, “मुलीच्या विस्तवाला देतात ते. आणि जातात कुठं? तुमच्याच पिशवीत.”

“प्रश्न पैशाचा नाही, तत्त्वाचा आहे.”

मी आजवर ज्याच्या ज्याच्या तोंडून हे वाक्य ऐकलं आहे, त्याच्या हातात त्या वेळी पैशाची पिशवी होतीच.

डिसेंबरात तात्या आजारी पडले. खोकला छातीत उतरला, ताप चढला. मी डॉक्टरांना बोलावलं. इंग्रज म्हातारा डॉक्टर, कोट न काढताच त्यानं तात्यांना तपासलं, मग त्या विझलेल्या शेगडीकडे पाहिलं आणि मला म्हणाला की ही खोली उबदार ठेवली नाही तर माझ्या औषधाचा उपयोग नाही. मी मंजूला घेऊन कोपऱ्यावरच्या फोनच्या लाल डब्यात गेले आणि भाऊसाहेबांना फोन लावला. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. औषध कुठलं दिलं तेही विचारलं. मग म्हणाले, ताटलीत पैसे आहेत ना, मग टाकायला सांगा त्यांना.

संध्याकाळी कुंदावहिनींनी कुणाच्या तरी हाती शेकायची रबरी पिशवी पाठवली. तिला लोकरीचा विणलेला अभ्रा होता, गुलाबी. पाणी ज्याचं त्यानं तापवायचं.

मी तात्यांच्या खोलीत गेले, ताटलीतलं नाणं घेऊन स्वतः पेटीत टाकलं आणि शेगडी पेटवली. जाळी लाल व्हायला लागली तशी त्या खोलीला पहिल्यांदाच रंग आला. मी रुमाल भिजवायला वळले, तेवढ्यात तो तापलेला माणूस पलंगावरून उठला, भिंतीला धरत गेला आणि खाली वाकून गॅसची चावी बंद केली.

मी चिडले. म्हटलं, हा निव्वळ हट्ट आहे.

“हट्टच आहे,” ते धापा टाकत पलंगावर बसले. “अगं, पंचावन्न वर्षं शेगडीपुढं बसलो मी. सोनं वितळवलं, चांदी वितळवली. शेजारपाजारच्या बाया चूल पेटवायला विस्तव मागायला यायच्या. चिमट्यानं निखारा उचलून पळीवर द्यायचो. परक्या घरच्या बाया. कुणाकडून कधी पै घेतली नाही. आणि आता पोटच्या पोराच्या घरात मी विस्तव विकत घेऊ?”

पुढं त्यांना खोकल्यानं बोलता येईना.

हे पाळीवरून आल्यावर आम्ही दोघांनी त्यांना गादीसकट उचलून आमच्या खोलीत आणलं. त्याला त्यांनी हरकत घेतली नाही. दुसऱ्याच्या घरी पाहुणा म्हणून ऊब घ्यायला त्यांची ना नव्हती. आम्ही तिघं आणि ते, एका खोलीत, अंगणात खाट टाकावी तशा गाद्या टाकून राहिलो. भाऊसाहेब शनिवारी आले, वडिलांच्या कपाळाला हात लावून पाहिला, ‘बराच उतार आहे’ म्हणाले आणि आमची पेटी रिकामी करून गेले. त्या आठवड्यात ती चांगलीच भरली होती.

जानेवारीत तात्या हिंडूफिरू लागले आणि संक्रांत आली.

संक्रांतीचा कार्यक्रम दर वर्षी भाऊसाहेबांच्या घरी असे. त्या वर्षी तर भारतातून कुणी प्राचार्य आले होते, आपली कुटुंबव्यवस्था या विषयावर बोलत गावोगाव फिरत होते. सकाळीच भाऊसाहेब स्वतः गाडी घेऊन तात्यांना न्यायला आले. सोबत कोरं धोतर, नवा काळा कोट, पुण्याहून मागवलेला फेटा. तात्यांनी सगळं मुकाट अंगावर चढवलं. धोतराला त्या दिवशी परवानगी होती.

आम्ही बसनं गेलो. त्या घरात पाऊल टाकलं की पहिल्यांदा जाणवायची ती ऊब. कुठं जाळ नाही, धूर नाही, आणि तरी बायका नुसत्या साडीत, उघड्या दंडांनी फिरत होत्या. भिंतीला पांढऱ्या रंगाचे लोखंडी पत्रे लावलेले, त्यांच्या पोटातून गरम पाणी खेळायचं. रेडिएटर म्हणायचं त्याला. दिवाणखान्यात सतरंज्यांवर चाळीसेक माणसं बसली होती. त्यातली बरीचशी कधी ना कधी कुलथ्यांच्या खोल्यांत राहून गेलेली. मग त्यांनी स्वतःची घरं घेतली आणि मंडळाचे सभासद झाले. आपण कुठून आलो हे कुणी बोलत नसे. एकाच शाळेत मार खाल्लेली पोरं मोठेपणी मास्तरांच्या सत्काराला जमावीत तसं ते दृश्य होतं.

प्राचार्य बोलले. मग भाऊसाहेब उठले. त्यांचा आवाज चांगला होता, खर्जातला, प्रसंगी दाटून येणारा. ते म्हणाले, या देशात सगळं आहे, पण एक नाही. इथला माणूस म्हातारे आईबाप आश्रमात नेऊन टाकतो आणि नाताळला कार्ड पाठवतो. आपण सात समुद्र ओलांडून आलो, पण आपण आईबापांना ओलांडलं नाही. इथं त्यांचा कंठ दाटला. पुढच्या रांगेतल्या दोघी बायकांनी डोळ्यांना पदर लावला. मग त्यांनी तात्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोन शब्द बोलायची विनंती केली.

तात्या उठले. फेटा सारखा केला. बोलायला सुरुवात करण्याऐवजी ते सतरंजीवरून वाट काढत, दोघातिघांना सरकायला लावत, भिंतीशी गेले. रेडिएटरवर तळहात ठेवला. मग गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि त्याच्या डाव्या अंगाला पाहिलं, उजव्या अंगाला पाहिलं, मागं हात घालून चाचपलं. सगळी खोली बघत होती. त्यांनी कोटाच्या खिशातून नाणं काढलं.

“रमाकांत, हे इथं कुठं टाकायचं रे?”

“काय तात्या?”

“नाणं. सकाळपासून तापतंय हे. एवढी माणसं बसलीत. विझलं तर बरं दिसणार नाही.”

आवाजात चेष्टा नव्हती. दुकानात गिऱ्हाइकाला भाव सांगावा तसं सरळ बोलले. आणि नाणं धरून उभे राहिले.

मी माणसांचे चेहरे पाहत होते. एकूण एक चेहऱ्याला कळलं होतं. त्या करड्या पेटीचा खळ्ळ आवाज त्या खोलीतल्या निम्म्या माणसांच्या कानांत असणार. आता कुणीतरी खाली मान घालेल, कुणीतरी हसेल, कुणीतरी निदान भाऊसाहेबांकडे बघेल, असं मला वाटलं. मी लहान होते. माणसं अडचणीतून किती चपळाईनं बाहेर पडतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

मागच्या रांगेतून दामल्यांच्या रोहिणीबाई हळहळून म्हणाल्या, “अरेरे. भ्रम होतो हो या वयात.”

बस्स. सगळ्यांना दार सापडलं. हो हो, होतं असं. माझ्या आत्याला होत होतं. हवापाणी बदललं की डोक्यावर परिणाम होतो. आजारातून उठलेत ना नुकतेच. क्षणापूर्वी गोठलेली खोली दयेनं कशी भरभरून वाहू लागली. आणि भाऊसाहेबांनी, ज्यांचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता त्यांनी, ती दया प्रसादासारखी दोन्ही हातांनी घेतली. ते तात्यांना जवळ घेऊन म्हणाले, “हल्ली असंच होतं त्यांना. आम्ही बाहेर बोलत नाही एवढंच.”

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मदत मागणारी नजर नव्हती ती. ‘बघ, ही तुझी माणसं’ एवढंच होतं तिच्यात.

मी उठले. यांनी माझ्या साडीचा काठ धरला होता, तो सोडवून घेतला.

“तात्यांना भ्रमबिम काही झालेला नाही,” मी म्हटलं. “त्यांच्या खोलीत गॅसची पेटी आहे. नाणं टाकल्याशिवाय शेगडी पेटत नाही, म्हणून ते इथं पेटी शोधतायत. दामलेबाई, तुम्ही माझ्याच खोलीत राहत होता ना? तुम्हाला तरी आठवायला हवी. हात वर करा असं म्हणत नाही मी कुणाला. हातात तिळगूळ आहे.”

प्राचार्यांनी शेजारच्याला विचारलं, कसली पेटी. शेजाऱ्यानं ऐकू न आल्यासारखं केलं. कुंदावहिनी आतून येऊन म्हणाल्या, चहा तयार आहे, आधी चहा घेऊ या. आणि सगळे उठले. बशांचा आवाज सुरू झाला. माझ्याशी कुणी भांडलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पण कुणी भांडलं नाही. माझ्या भोवतीची सतरंजी तेवढी रिकामी झाली.

पुढच्या शनिवारी भाऊसाहेब किल्ल्या न वाजवता आले. आमच्या खोलीला रंग द्यायचा आहे, महिनाअखेर रिकामी करावी, म्हणाले. हे रागावले माझ्यावर, दोन दिवस बोलले नाहीत. मग स्वतःच एका पोलिश बाईचं घर शोधून आले. तिच्याकडेही पेटी होती, तशीच करडी, तेच दहा पेनीचं नाणं. पहिल्या संध्याकाळी मी नाणं टाकलं, मंजूची आंघोळ झाली, स्वयंपाक झाला, जेवणं झाली, तरी ज्योत जागची हलली नाही. तेव्हा त्या बाईकडून मला समजलं की पेटीच्या आत एक काटा असतो आणि एका नाण्याला किती गॅस द्यायचा ते मालकाच्या हातात असतं. हेही शेगडीकडे बघत राहिले. पिठलं-भाताचा विषय त्यानंतर आमच्या घरात निघाला नाही.

आम्ही निघालो तेव्हा तात्यांची खोली रिकामी होऊन दहा-बारा दिवस झाले होते, भाऊसाहेबांनी त्यांना घरी नेलं असं आम्हाला वाटलं. नंतर भारतीय वाणसामानाच्या दुकानात रोहिणीबाई दामले भेटल्या. झालं गेलं विसरून त्या माझ्याशी बोलल्या, कारण त्यांना बातमी सांगायची होती. तात्या बारामतीला परत गेले. इथं मन रमेना त्यांचं. भाऊसाहेब स्वतः विमानात बसवून आले, विमानतळावर लहान मुलासारखे रडले म्हणे. शेवटी ज्याची माती त्याला ओढते, असंही त्या म्हणाल्या. मला वाईट वाटलं, पण बरंही वाटलं. निदान उन्हात बसत असतील.

आता यातलं कुणी उरलेलं नाही. तात्या नाहीत, भाऊसाहेब नाहीत, आमचे हेही गेले. म्हणून पुढचं सांगते.

मंजू चालायला लागल्यावर मी पुन्हा नर्सचं काम धरलं. घरोघर जाऊन मलमपट्टी करायचं काम. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मला गावाच्या पलीकडच्या टोकाला, चर्चच्या बायका चालवत असलेल्या वृद्धाश्रमात पाठवलं. एका म्हातारीच्या पायाची जखम धुवायची होती. ते झालं, हात पुसत मी बैठकीच्या खोलीत आले. मोठी कोळशाची शेगडी होती तिथं, खरीखुरी, खाली राख सांडणारी. भोवती सात-आठ म्हातारे-म्हाताऱ्या डुलक्या काढत होते. आणि शेगडीपुढं बुटक्या स्टुलावर, अंगात कुणी विणून दिलेलं हिरवं जाकीट आणि खाली धोतर, हातात लांब चिमटा घेऊन तात्या कुलथे कोळसे लावत बसले होते.

माझी हाक ऐकून त्यांनी मान वळवली. आधी मंजूला किती दात आले ते विचारलं. मग म्हणाले, इथली शेगडी कुणाला नीट लावताच येत नव्हती, नुसता धूर. आता त्यांच्याकडेच दिली आहे. बाई सकाळी बादलीभर कोळसे आणून ठेवते. बटाटे अळणी असतात, तेवढं सोडलं तर बरं आहे.

मी विचारलं, तुम्ही तर बारामतीला गेला होता ना. तेव्हा त्यांनी सांगितलं. संक्रांतीनंतर चारच दिवसांनी रमाकांतनं त्यांना इथं आणलं, हवापालट म्हणून. इथले पैसे महिन्याच्या महिन्याला भरतो, मुकाट्यानं. भेटायलाही येतो, पण रविवारी नाही, रविवारी कुणीही बघू शकतं. मधल्या वारी येतो आणि गाडी मागच्या गल्लीत लावतो.

माझं डोकं तडकलं. ज्यानं आश्रमाच्या नावानं डोळ्यांतून पाणी काढलं होतं, त्यानं बाप जिवंतपणी आश्रमात लपवला होता आणि गावाला विमान दाखवलं होतं. आणि गाव चहा पीत त्याचं सांत्वन करत होतं. मी म्हटलं, “परवा मंडळाची दिवाळी आहे. मी जाते आणि सगळ्यांदेखत सांगते तुम्ही कुठं आहात ते. या वेळी मला कुणी चहा दाखवून गप्प करू शकणार नाही.”

“सांगू नको,” तात्या म्हणाले.

“अजून त्याची अब्रू जपताय?”

ते हसले. तो माणूस हसलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

“अब्रू गेली खड्ड्यात. अगं, लोकांना कळलं तर लाजेकाजेस्तव तो मला परत घरी घेऊन जाईल.”

आणि त्यांनी स्टूल थोडं बाजूला सरकवून मला विस्तवापुढं जागा करून दिली.